ज्याला ओळखणारं कुणी नाही

राईनपाडा हे धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातलं आदिवासी गाव. १ जुलै २०१८ ला रविवार होता, गावच्या आठवडे बाजाराचा दिवस. सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा तालुक्यातून भिक्षेसाठी निघालेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच पुरुष तिथे एसटीतून उतरले. मुलं पळवणारी टोळी आली आहे, असे मेसेज त्या पट्ट्यात बरेच दिवस मोबाइलवर फिरत होते. पाचांपैकी कुणीतरी एका लहान मुलीशी बोलताना दिसला, असं म्हणतात. तेवढं निमित्त पुरलं. लोकांनी त्यांना मारत मारत ग्रामपंचायतीच्या खोलीत नेलं आणि तिथे पाचही जणांचा जीव घेतला. त्याच रात्री मालेगावात, दोन वर्षांचं मूल बरोबर असलेल्या एका कुटुंबाला जमावाने याच संशयावरून घेरलं. तिथले काही रहिवासी मध्ये पडले, पोलिस वेळेत पोहोचले आणि ते कुटुंब वाचलं.

या दोन घटनांमध्ये काय फरक होता, याचा शोध घेता घेता हा लेखसंग्रह उभा राहिला.

जमावाला डोकं नसतं, असं आपल्याकडे सहज म्हणतात. अशा घटना एकापुढे एक मांडून पाहिल्या की हे म्हणणं टिकत नाही. खवळलेला जमाव सरपंचाच्या भाच्यावर तुटून पडत नाही, बाजारात वर्षानुवर्षं दुकान लावणाऱ्यावर पडत नाही. तो भिक्षेकऱ्याला धरतो, फिरस्त्याला धरतो, रस्त्यावर स्वतःशी बोलत हिंडणाऱ्या बाईला धरतो, गावची भाषा न येणाऱ्या मजुराला धरतो. ‘अरे, हा आमच्या ओळखीचा आहे, सोडा त्याला’ असं म्हणणारं ज्याच्यासाठी त्या जागी कुणी नसतं, नेमका तोच सापडतो. निवड घाईत होते, पण तिच्यात हिशेब असतो. आपल्या समाजात माणसाचं संरक्षण त्याला ओळखणाऱ्यांच्या हाती राहिलं आहे, आणि ज्याला ओळखणारं कुणी नाही त्याच्या जिवाची किंमत कुणाच्या मर्जीवर येऊन ठेपते. या पुस्तकातल्या लेखकांचे आपसात मतभेद पुष्कळ आहेत; या एका ठिकाणी मात्र सगळे येऊन थांबतात.

भीती आणि छळ यांचा संबंध वरवर सरळ वाटतो. आधी धोका, मग भीती, मग भीतीपोटी मारहाण. हा क्रम पुष्कळदा उलटा असतो, याचा एक जुना पुरावा आपल्याच देशातला आहे. १९३४ साली बिहारमध्ये मोठा भूकंप झाला. त्यानंतर उठलेल्या अफवा जमुना प्रसाद या मानसशास्त्रज्ञाने गोळा केल्या. ज्या भागात धक्का जोरात बसला पण पडझड झाली नाही, तिथल्या लोकांमध्ये याहून भयंकर संकटांच्या अफवा पसरल्या होत्या. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर यांनी पुढे १९५७ च्या आपल्या ग्रंथात या नोंदींचा आधार घेतला. त्यांचा युक्तिवाद असा: धक्क्याने लोक घाबरलेले होते, पण आजूबाजूला घाबरण्याजोगं काही दिसत नव्हतं. मनातल्या भीतीला शोभेल असं कारण हवं होतं, ते अफवेने पुरवलं.

राईनपाड्याकडे या नजरेने पाहावं. आपल्या लेकरांचं काही बरंवाईट होईल ही धास्ती त्या डोंगरपट्ट्यातल्या आईबापांना नवी नव्हती, आणि तिला कारणंही होती. दवाखाना लांब, पोषण अपुरं, हंगामात पोटासाठी गाव सोडून जावं लागणार. पण या कारणांची गचांडी धरता येत नाही. मग मोबाइलवर एक चित्रफीत येते. त्या वर्षी देशभर फिरलेल्या चित्रफितींपैकी एक मुळात पाकिस्तानातल्या कराचीत, बालसुरक्षेच्या जागृतीसाठी केलेली होती. मोटरसायकलवरचे दोघे रस्त्यावरून मूल उचलतात आणि लगेच परत आणून सोडतात. मुलं किती सहज पळवली जाऊ शकतात हे पालकांना सांगायचं होतं. परत आणून सोडण्याचा भाग कापला गेला आणि उरलेला तुकडा गावोगाव पोहोचला. तोंड नसलेल्या धास्तीला अशा रीतीने एक तोंड मिळालं.

फ्रेंच इतिहासकार जॉर्ज लफेव्र यांनी १९३२ मध्ये १७८९ च्या उन्हाळ्यातल्या महाभयावर पुस्तक लिहिलं, ते या विषयातलं मैलाचं काम. दरोडेखोरांच्या टोळ्या येताहेत या अफवेने फ्रान्समधली गावंच्या गावं हत्यारं घेऊन उभी राहिली, आणि एका गावचे हत्यारबंद लोक पाहून पुढच्या गावाला वाटलं, हेच ते दरोडेखोर. १६ एप्रिल २०२० च्या रात्री पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचले इथे जे झालं ते समजून घ्यायला लफेव्र फार उपयोगी पडतो. टाळेबंदी लागलेली, रस्ते अडवलेले, चोर आणि मुलं पळवणारे हिंडताहेत म्हणून गावोगाव रात्रीचा पहारा. मोठ्या रस्त्यांवर अडवणूक म्हणून आतल्या रस्त्याने सुरतेकडे निघालेली एक गाडी त्या पहाऱ्यापुढे आली. दोन साधू आणि त्यांचा चालक, तिघेही पोलिसांच्या देखत मारले गेले. पुढे त्या प्रकरणाला धार्मिक रंग देण्याचा प्रयत्न झाला; मारणारे कोण आणि मेलेले कोण यावर वाद रंगले. रात्रभर काठ्या घेऊन जागणाऱ्या गावांची गोष्ट त्या गदारोळात मागे पडली. या संग्रहात तिला जागा दिली आहे.

या अभ्यासाची एक बाजू गर्दीकडून सुरू होते, तर दुसरी कचेरीतून. ब्रिटिश इतिहासकार आर. आय. मूर यांनी १९८७ मध्ये मध्ययुगीन युरोपवर लिहिताना एक गोष्ट ठासून मांडली. पाखंडी, ज्यू, कुष्ठरोगी यांचा छळ सामान्य लोकांच्या द्वेषातून आपोआप उगवला नाही. राजे, धर्मपीठं आणि त्यांचे शिकलेसवरलेले कारकून यांनी तो उभा केला, कारण कुणाला धोकादायक ठरवायचं याचा अधिकार त्यांच्या हाती येत होता. हे वाचताना मराठी वाचकाला सोलापूरची सेटलमेंट आठवल्याशिवाय राहणार नाही.

१८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने इंग्रज सरकारने आख्ख्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवलं. १९११ च्या सुधारित कायद्यानंतर त्याचा पट्टा मुंबई इलाख्यातही आवळला गेला. सोलापुरात तारेच्या कुंपणाआड वसाहत झाली. आत राहणाऱ्यांची नावं रजिस्टरात, ठरल्या वेळी हजेरी, बाहेर पडायचं तर परवाना, आणि दिवसभर गिरणीत काम. पोरांना आईबापांपासून वेगळं काढण्याची तरतूदही कायद्यात होती. यात कुठेही खवळलेला जमाव नाही. शाई, शिक्का, रजिस्टर आणि वेळेवर वाजणारी घंटा आहे. राज्यकर्त्यांना भीती होती ती फिरस्त्यांची, म्हणजे ज्यांचा ठावठिकाणा कागदावर लिहिता येत नाही अशांची. स्वतंत्र भारतात ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा रद्द झाला आणि त्या दिवसाला भटके-विमुक्त आजही विमुक्त दिन म्हणतात. पण रजिस्टर बंद झालं तरी संशय पोलिस ठाण्यात आणि गावात शिल्लक राहिला. लक्ष्मण माने यांचं ‘उपरा’ १९८० मध्ये आणि लक्ष्मण गायकवाड यांचं ‘उचल्या’ १९८७ मध्ये आलं, तेव्हा शहरी मराठी वाचक हादरला. तो संशय सोसणाऱ्याच्या बाजूने कसा दिसतो, हे त्याने तोवर छापील अक्षरात पाहिलंच नव्हतं. चोरी कुणीही केली तरी पहिली धाड आपल्या पालावर पडणार हे ठाऊक असलेलं मूल कसं वाढतं, हे समजायला मला समाजशास्त्राच्या कोणत्याही ग्रंथापेक्षा ही आत्मकथनं जास्त उपयोगी पडली आहेत.

तिसरी बाजू आजाराची. १८९६ मध्ये मुंबईत आणि लगोलग पुण्यात प्लेग आला. पुण्यात इंग्रज अधिकारी रँडच्या प्लेग कमिटीने गोरे सोजीर घराघरात घुसवले, माणसं ओढून छावण्यांत नेली. त्याचा शेवट २२ जून १८९७ ला चाफेकर बंधूंच्या गोळीने झाला, हे शाळेत शिकवलं जातं. त्याच काळात दुसरीही भीती पसरली होती. दवाखान्यात नेलेला परत येत नाही, तिथे माणसाच्या अंगातून औषध काढतात, अशा अफवांनी लोक रोगी लपवून ठेवत, आणि ऑक्टोबर १८९६ मध्ये मुंबईच्या आर्थर रोड रुग्णालयावर गिरणी कामगारांचा जमाव चालूनही गेला होता. सरकार लोकांना घाबरत होतं, लोक सरकारला, आणि दोघंही रोग्याला. या तिहेरी भीतीच्या मधोमध सावित्रीबाई फुले मुंढव्याच्या महारवाड्यातल्या एका आजारी पोराला पाठीवर घेऊन आपल्या मुलाच्या, डॉ. यशवंतांच्या दवाखान्यात गेल्या. त्यांना प्लेगची लागण झाली आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. आपण हा प्रसंग त्यागाची कथा म्हणून सांगतो. मला त्यात एक ठाम मतही दिसतं. त्या पोराला कुणी हात लावणार नाही हे दिसल्यावर त्यांनी त्याची जात विचारली नाही की वाचण्याची शक्यता किती याचा हिशेब केला नाही.

त्याच १८९७ मध्ये साथरोग कायदा आला आणि पुढच्या वर्षी कुष्ठरोग्यांना वेगळं ठेवणारा कायदा. महाराष्ट्राने या दुसऱ्या भीतीशी झुंज दिली ती अभिमान वाटावा अशी: वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहर दिवाण, अमरावतीत तपोवनला शिवाजीराव पटवर्धन, वरोऱ्याला १९४९ मध्ये आनंदवन उभारणारे बाबा आमटे. बहुविध औषधोपचाराने कुष्ठरोग पूर्ण बरा होतो हे १९८० च्या दशकात जगाला कळलं. तरीही जोडीदाराचा कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण म्हणून आपल्या वैयक्तिक कायद्यांत २०१९ पर्यंत होतं. औषध सापडल्यावरही भीतीला कायद्यातून बाहेर पडायला साडेतीन दशकं लागली.

डाकिणीचा प्रश्न या सगळ्यापेक्षा अवघड आहे. सातपुड्यात डाकीण म्हणतात, ठाणे-पालघरकडे भुताळी. तिला तर सगळं गाव ओळखत असतं, त्याच गावात तिची उभी हयात गेलेली असते. मग ओळखीचं सूत्र इथे मोडतं का? तिच्यावर आरोप कधी होतो ते पाहायला हवं. नवरा गेल्यावर, मुलगा नसल्यावर, नावावर तुकडाभर जमीन आल्यावर, म्हातारपणी, भावकीशी भांडण झाल्यावर. सगळे तिला ओळखतात, पण तिच्या बाजूने तोंड उघडणारं कुणी उरलेलं नसतं. खानदेश आणि डांगातल्या भिल्लांमधल्या डाकीण-छळावर इतिहासकार अजय स्कारिया यांनी केलेलं काम इथे वाचायला हवं. बायकांवर होणाऱ्या या हिंसेला अंधश्रद्धा एवढंच नाव देऊन भागत नाही, हे त्यातून कळतं. युरोपात तीनशे वर्षांत चेटकीण म्हणून चाळीस ते साठ हजार माणसं मारली गेली असा आजच्या इतिहासकारांचा अंदाज आहे, आणि त्यांतही बहुसंख्य बायकाच होत्या. तेव्हा डोंगरातल्या आदिवासींना मागास म्हणून मोकळं होण्याचा अधिकार कुणालाच नाही.

महाराष्ट्राचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा याच ठिकाणी हात घालतो. अमुक माणूस करणी करतो, त्याच्यामुळे गुरांचं दूध आटलं, रोगराई आली, असं भासवून त्याला छळणं हा त्यात गुन्हा आहे. सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. त्यासाठी वर्षानुवर्षं झगडणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात ओंकारेश्वराजवळच्या पुलावर खून झाला, आणि मग त्याच महिन्यात वटहुकूम निघाला. जातपंचायतींच्या बहिष्काराविरुद्धचा कायदाही महाराष्ट्रानेच देशात पहिल्यांदा केला. तो जुलै २०१७ पासून लागू आहे. वाळीत टाकणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. या दोन कायद्यांबद्दल महाराष्ट्राचं कौतुक व्हायलाच हवं. जमावहत्येबाबत मात्र आपण देशाबरोबर फरफटत आलो. राईनपाड्यानंतर सोळा दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने जिल्ह्याजिल्ह्यात जबाबदार पोलिस अधिकारी नेमण्याचे आदेश दिले. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०३(२) मध्ये जमावहत्येची स्वतंत्र तरतूद आली ती १ जुलै २०२४ ला, राईनपाड्याला बरोबर सहा वर्षं झाली त्या तारखेला. पाच किंवा जास्त जणांनी वंश, जात, समुदाय, लिंग, जन्मस्थान, भाषा, श्रद्धा किंवा तत्सम कारणावरून केलेला खून असं ते कलम म्हणतं. मुलं पळवणारा समजून मारलेला अनोळखी माणूस यातल्या कोणत्या कारणात बसतो? ‘तत्सम’ या एका शब्दावर त्याचा न्याय टांगलेला राहणार आहे.

आता विचारधारांविषयी थोडं. मानसशास्त्रात गॉर्डन ऑलपोर्ट यांचं १९५४ चं पूर्वग्रहांवरचं पुस्तक अजूनही पहिली पायरी मानलं जातं. टोमणा, टाळणं, डावलणं, मारहाण आणि संहार अशी चढण त्यांनी दाखवली. समाजशास्त्रात स्टॅन्ली कोहेन यांनी १९७२ मध्ये वर्तमानपत्रं आणि अधिकारी मिळून एखाद्या गटाचा बागुलबुवा कसा उभा करतात ते मांडलं. रेने झिरार यांनी बळीच्या बकऱ्याचा सिद्धांत दिला: आपसात फाटलेला समाज एकावर सगळं ढकलून पुन्हा एक होतो. रणजित गुहांनी वसाहतकाळातल्या शेतकरी बंडांवर लिहिताना अफवेकडे दुबळ्यांचं बोलण्याचं साधन म्हणून पाहिलं, आणि ते ध्यानात ठेवणं गरजेचं आहे. अफवा नेहमी बलवानाचं हत्यार नसते. अनेकदा ती त्यांच्या तोंडी असते ज्यांच्यावरच अन्याय झालेला आहे. राईनपाड्याचे मारेकरीही गरीब होते. त्यामुळे त्यांचा गुन्हा कमी होत नाही.

या सगळ्यांत मला सर्वांत दूरचं पाहणारे वाटतात ते डॉ. आंबेडकर. जातीने सार्वजनिक भावना मारून टाकली, माणसाची निष्ठा, दया आणि दाद फक्त आपल्या जातीपुरती उरली, हे त्यांनी १९३६ मध्ये ‘जातिनिर्मूलना’त लिहिलं. ४ नोव्हेंबर १९४८ ला घटनेचा मसुदा मांडताना, गाव हा एकक न मानता व्यक्ती हा एकक मानला याबद्दल त्यांनी समाधान व्यक्त केलं, तेव्हा अनेक सदस्य नाराज झाले. त्यांच्या म्हणण्याचं मोल राईनपाड्याच्या ग्रामपंचायतीच्या खोलीत कळतं. गाव ओळखीवर चालतं. घटनेने ज्याला ओळख नाही त्यालाही पूर्ण माणूस धरलं. एकविसाव्या कलमात जिवाचं संरक्षण नागरिकापुरतं ठेवलेलं नाही, ते कोणत्याही व्यक्तीला आहे.

हे पुस्तक हिंजवडीत तयार झालं, याला कारण आहे. आमच्यापैकी बहुतेकजण इथे राहतो किंवा काम करतो. १९९० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत हे मुळशी तालुक्यातलं भातशेतीचं गाव होतं; म्हातोबाच्या यात्रेला बगाड ओढणारं, एकमेकांना चार पिढ्यांपासून ओळखणारं. मग एमआयडीसीने जमिनी घेतल्या, राजीव गांधी इन्फोटेक पार्क आला, आणि हिंजवडी, माण, मारुंजीच्या शिवारात अनोळखी माणसांचं शहर उभं राहिलं. फेज थ्रीच्या टॉवरमध्ये चेन्नईची अभियंता, तिच्या खाली बांधकामावर मालद्याचा मजूर, गेटवर आसामचा पहारेकरी, चाळीच्या खोल्या भाड्याने देणारा मूळचा गावकरी. कुणीच कुणाला ओळखत नाही. म्हणून ओळखीची जागा ॲपने घेतली आहे. गेटवर पहिला प्रश्न असतो, ‘कोणाकडे जायचंय?’ ज्याला कुणाकडेच जायचं नाही, जो नुसता वासुदेव आहे किंवा भंगार गोळा करणारा आहे, तो उत्तर देऊ शकत नाही.

गेल्या पावसाळ्यात आमच्या भागातल्या एका सोसायटीच्या ग्रुपवर एका बाईचा फोटो आला. कडेवर दोन वर्षांचं गोरं पोर, खांद्याला गोणी, बाई काळी. ‘सावधान, हे मूल तिचं वाटत नाही’ एवढाच मजकूर. पंधरा-वीस मिनिटांत तो शेजारच्या चार ग्रुपवर पोहोचला, कुणी पोलिसांना कळवा म्हणालं, कुणी आधी अडवून ठेवा म्हणालं. दोन पहारेकऱ्यांनी तिची गोणी उलटी केली. प्लास्टिकच्या बाटल्या आणि पुठ्ठे निघाले. धुणीभांड्याला येणाऱ्या एका मावशींनी तिला पाहिलं आणि म्हणाल्या, ‘अहो, ही आमच्या वस्तीतली, पोर तिच्या नणंदेचं.’ तिला सोडलं. मावशी त्या वेळी लिफ्टमध्ये असत्या तर पुढे काय झालं असतं, हा विचार माझ्या मनातून जात नाही. तिच्या सुटकेसाठी तिच्या निरपराधपणाचा उपयोग झाला नाही. एका ओळखीच्या बाईचा झाला. ग्रुपवर कुणी माफीचा शब्द लिहिला नाही.

हिंजवडीतली भीती खोटी आहे, असं मी म्हणणार नाही. २००७ मध्ये पुण्यातल्या एका बीपीओत रात्रपाळीला निघालेल्या तरुणीवर गहुंज्याजवळ अत्याचार करून तिचा खून झाला. २०१७ मध्ये इथल्याच एका कार्यालयात, सुट्टीच्या दिवशी काम करणाऱ्या अभियंता मुलीचा खून झाला. रात्री कॅबची वाट पाहणाऱ्या मुलीला भीती बाळगू नको म्हणणं हा उद्दामपणा होईल. पण पहिल्या खुनात दोषी ठरला तो कंपनीच्या कंत्राटावरचा नेहमीचा चालक आणि त्याचा साथीदार. दुसऱ्यात अटक झाली ती त्याच इमारतीच्या पहारेकऱ्याला. चालक आणि पहारेकरी, दोघेही नोंद असलेले, रोजचे. धोका खरा होता आणि आपला संशय मात्र गेटबाहेरच्या गोणीवाल्या बाईवर.

इथल्या पहारेकऱ्यांपैकी काहींना ऑगस्ट २०१२ आठवतो. आसामातल्या कोक्राझारच्या हिंसाचारानंतर पुण्यात ईशान्येच्या तरुणांवर हल्ले झाले, आणि त्यानंतर एसएमएसवर धमक्या फिरू लागल्या. पुणे आणि बंगळुरूहून हजारो माणसं मिळेल त्या गाडीने गुवाहाटीकडे निघाली. सरकारने पंधरा दिवसांसाठी एका वेळी पाचपेक्षा जास्त एसएमएस पाठवण्यावर बंदी घातली. २०१८ मध्ये राईनपाड्यानंतर व्हॉट्सॲपनेही भारतात मेसेज पुढे पाठवण्याची मर्यादा पाच केली. सहा वर्षांनी तोच उपाय. संदेश धीमा करणं आवश्यक आहे, पण तो संदेश ज्या मनात जाऊन पेट घेतो त्या मनाविषयी दोन्ही वेळा फार कमी बोललं गेलं. सप्टेंबर २०२२ मध्ये सांगलीच्या जत तालुक्यात, लवंगा गावी, पंढरपूरकडे निघालेल्या उत्तर प्रदेशातल्या चार साधूंना त्याच संशयावरून चोप बसला. मेसेजची मर्यादा तेव्हा पाचच होती.

या पुस्तकाच्या मर्यादा सांगायला हव्यात. मोठ्या दंगली आम्ही बाहेर ठेवल्या आहेत. १९९२-९३ ची मुंबई हा स्वतंत्र ग्रंथाचा विषय आहे. खैरलांजीचं हत्याकांड घ्यावं की नाही यावर बराच वाद झाला. २९ सप्टेंबर २००६ ला तिथे जे घडलं त्याला भीती हे नाव देणं मला अन्यायाचं वाटतं. ते वर्चस्व होतं. एक दलित कुटुंब मान वर करून जगू पाहतंय हे सहन न होणं होतं. दुसऱ्या बाजूचं म्हणणं असं की वर्चस्व गमावण्याची भीती हीसुद्धा भीतीच. मला ते पटलेलं नाही, पण त्या बाजूचा लेख संग्रहात आहे आणि वाचकाने स्वतः ठरवावं. भीती हा शब्द मारेकऱ्याला सवलत देतो का, हा प्रश्न आमच्या बैठकांमध्ये सर्वांत जास्त वेळा आला. घाबरलेला माणूस आणि मारणारा माणूस यांच्यामध्ये एक क्षण असतो, जिथे तो मारायचं ठरवतो. समजून घ्यायची ती भीती; शिक्षा व्हायची ती त्या ठरवण्याला. हे दोन्ही एकाच पुस्तकात धरण्याचा प्रयत्न आहे.

लेखक निरनिराळ्या वाटांनी आलेले आहेत. कार्यकर्ते आहेत, निवृत्त पोलिस अधिकारी आहेत, कुष्ठरोग्यांमध्ये हयात घालवलेली परिचारिका आहे, आणि पालावर जन्मून आयटीत काम करणारा एक तरुणही आहे. मारल्या गेलेल्यांच्या कुटुंबीयांची परवानगी नसेल तिथे नाव छापलेलं नाही. एका जमावात सामील असलेल्या माणसाची मुलाखत घ्यावी की नाही यावर आम्ही अडलो होतो. शेवटी घेतली, कारण हात उचलण्याआधीच्या क्षणी मनात काय होतं हे त्याच्याशिवाय कुणी सांगू शकत नव्हतं. ती वाचताना संताप येईल. मलाही आला.

क्रमाने वाचण्याची सक्ती नाही. ज्यांना इतिहासात रस आहे त्यांनी सेटलमेंट आणि प्लेगपासून सुरुवात करावी. गावात किंवा सोसायटीत जबाबदारीच्या पदावर असलेल्यांनी मात्र शेवटचा भाग आधी वाचावा. अफवा उठल्यावर पहिल्या अर्ध्या तासात काय करायचं ते तिथे साध्या भाषेत दिलं आहे: घेरल्या गेलेल्या माणसाला आधी दाराच्या आत घ्यायचं, ११२ वर फोन करायचा, आणि खात्री होईपर्यंत फोटो पुढे पाठवायचा नाही. हा भाग वेगळी पुस्तिका म्हणूनही काढला आहे. हिंजवडी, माण आणि मारुंजीतल्या गेटांवर उभ्या राहणाऱ्यांसाठी त्याचं हिंदी रूप तयार आहे, बंगाली आणि असमिया रूपांचं काम चालू आहे.